बोट उचललं तरी

शेजारच्या सीटवर भाची बसली होती. डॅशबोर्डवर नव्याने बसवलेलं बटण तिच्या लगेच नजरेत भरलं, कारण बाकीच्या बटणांवर कंपनीची सुबक चित्रं आहेत आणि याच्यावर माझ्या हातचं वेडंवाकडं लेबल. हे कशाचं, तिने विचारलं. विंचचं, मी म्हटलं, रुतलेली गाडी दोराने ओढून काढणाऱ्या यंत्राचं. वर दाबलं की दोर आत, खाली दाबलं की बाहेर, सोडलं की बंद. गाडी अजून सुरू नव्हती, म्हणून तिने खुशाल दाबून पाहिलं. सोडलं तसं ते टक्कन मधे आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. मग म्हणाली, "मामा, बोट उचललं तरी थांबलं नाही तर?"

"थांबतं गं," म्हणून मी किल्ली फिरवली. उत्तर खोटं नव्हतं, पण ते इतकं पटकन कसं आलं हे मला पुढे बरेच दिवस खुपत राहिलं. लहान मुलांच्या काही प्रश्नांना आपण मोठी माणसं उत्तर देत नाही, नुसती त्यांची समजूत काढतो. हा त्यातला होता.

विंच असलेल्या माणसाला केबिनमधल्या बटणाचा मोह का होतो, हे विंच असलेल्यालाच कळतं. सोबत मिळालेला वायरचा रिमोट बंपरजवळच्या पेटीत खुपसायचा आणि बाजूला उभं राहून बटण दाबायचं, अशी मूळ योजना. सोबत दुसरं माणूस असेल तर ठीक. एकट्याला मात्र दोर ओढला जात असताना स्टिअरिंग सांभाळायचं असतं, पाय कधी अॅक्सिलरेटरवर, कधी ब्रेकवर हवा असतो. मग रिमोटची वायर खिडकीतून आत घ्यायची. ती चिखलाने माखलेली, दारात चिमटणारी, आणि चाक वळवलं की टायरच्या जवळ जाणारी. बिनवायरचे रिमोट निघाले आहेत, पण त्यांचा सेल नेमका त्याच दिवशी मान टाकतो. शिवाय हातभर अंतरावरच्या डॅशबोर्डवर एक पक्कं बटण असावं, जागच्या जागी, अंधारातही सापडेल असं, ही इच्छा नुसत्या सोयीची नसते. तिच्यात थोडी मिजासही असते. तीही कबूल करून टाकू.

विजेच्या हिशेबाने काम किरकोळ आहे. साडेनऊ हजार पौंडी, म्हणजे साधारण 4300 किलो ओढणारी विंच रिकामी फिरताना 60-70 अँपिअर घेते आणि पूर्ण भारावर 400 च्या आसपास. एवढा प्रवाह डॅशबोर्डमधून फिरवून आणणं शुद्ध वेडेपणा. 35 स्क्वेअर एमएमच्या जाडजूड तांब्याच्या केबलमध्येसुद्धा 400 अँपिअरला मीटरमागे जवळपास 0.2 व्होल्ट गळतात. केबिनपर्यंतच्या जाण्यायेण्यात चार मीटर वाढले की 12 व्होल्टमधले 0.8 गेले, म्हणजे तीनशे वॉटहून जास्त नुसते केबल तापवण्यात. म्हणून जाड केबली बोनेटच्या पुढेच राहतात: बॅटरीकडून सोलेनॉइडच्या पेटीत, पेटीतून मोटरला. सोलेनॉइड म्हणजे विजेने चालणारा दणकट स्विच: त्याच्या कॉइलला, म्हणजे तारेच्या गुंडाळीला, वीज दिली की तो मोठा प्रवाह जोडतो. केबिनमध्ये येतात त्या तीन बारक्या वायरी. एक फीडची, एक दोर आत घेण्याची, एक बाहेर सोडण्याची. त्यांतून जातो तो फक्त सोलेनॉइडची कॉइल ओढायला लागणारा प्रवाह, दोन-चार अँपिअर. त्याला दीड स्क्वेअरची वायर पुरते आणि उरते.

थोडक्या प्रवाहाने मोठ्या प्रवाहाला हुकूम द्यायचा, ही कल्पना तशी जुनीच. जोसेफ हेन्रीने 1835 मध्ये रिले बनवला तेव्हापासूनची. पण मला जास्त आवडतो तो फ्रँक स्प्रेग. 1897 च्या सुमारास शिकागोच्या साउथ साइड एलिव्हेटेड रेल्वेसाठी त्याने डब्याडब्याला मोटरी बसवल्या आणि त्या सगळ्यांना पुढच्या डब्यातल्या एका छोट्या कंट्रोलरने एकदम चालवून दाखवलं. गाडी कितीही डब्यांची असो, चालकाच्या हाताखालून मोटरींची वीज जातच नाही, जातो तो निरोप. माझ्या डॅशबोर्डवरचं बटण त्याच घराण्यातलं, फार दूरचं आणि फार गरीब नातेवाईक. निरोप्या बिनचूक असला तरी तिकडे निरोप पाळला जातो की नाही हे त्याला कळत नाही. भाचीचा प्रश्न नेमका तिथे होता.

आत-बाहेरचा खेळ सोलेनॉइडच्या पेटीत होतो. विंचची मोटर कायम चुंबकाची असेल तर प्लस-मायनसची अदलाबदल केली की ती उलटी फिरते. पण ताकदवान विंचमध्ये बहुधा सिरीज मोटर असते, आणि तिची गंमत अशी की बॅटरीच्या दोन्ही तारा उलटवल्या तरी ती त्याच दिशेने फिरत राहते, कारण फील्ड (स्थिर गुंडाळी) आणि आर्मेचर (फिरणारी गुंडाळी) दोन्ही एकदम उलटतात. तिला उलटं फिरवायचं तर फक्त फील्डची टोकं बदलावी लागतात. म्हणून मोटरवर तीन टर्मिनलं आणि पेटीत वायरींचं ते जंजाळ. त्यात हात घालायची गरज नसते. रिमोट जिथे खुपसतात त्या सॉकेटच्या मागे हव्या त्या तीन वायरी मिळतात. कुठली वायर कशाची हे मात्र रंगावरून ठरवू नये. प्रत्येक कंपनीचा रंगपंचमीचा नियम वेगळा. विंचचा क्लच सोडवून दोर गुंडाळायचा ड्रम मोकळा करावा, रिमोट दाबावा आणि टेस्ट लॅम्पने बघावं.

ज्या वायरमनकाकांकडे मी हे सगळं बघत मोठा झालो, त्यांच्याकडे मीटर नव्हताच. पत्र्याच्या चिमट्यातला एक बल्ब, त्याला दोन वायरी. गाडीचं काहीही बिघडलेलं असो, त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आधी अर्थ बघ." अर्थ म्हणजे गाडीच्या पत्र्यातून वीज बॅटरीकडे परत जाते ती जोडणी. लाइट पेटत नाही, अर्थ बघ. स्टार्टर टकटक करतो, अर्थ बघ. हे त्यांचं तोंडपाठ वाक्य आहे असं तेव्हा वाटायचं. विंचच्या पेटीतून एक बारकी काळी वायर निघते, कॉइलच्या अर्थची, आणि ती रंगावर, गंजावर किंवा सैल बोल्टवर बसवली तर सगळी जोडणी शहाण्यासारखी करूनही विंच मुकी राहते. पत्रा घासून चकचकीत करावा, दातेरी वॉशर घालावा, वरून थोडं ग्रीस. काकांच्या बल्बने दहापैकी नऊ वेळा हेच सापडत असावं.

बटणाची निवड वाटते तेवढी सोपी नाही. ते दाबून धरलं तरच चालू राहणारं हवं, दोन्ही बाजूंनी स्प्रिंगवर परत मधे येणारं. दुकानात दिसायला हुबेहूब तसंच, पण दाबलं की तिथेच बसणारं बटणही मिळतं, आणि ते विंचला लावणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. मी आणलेलं रॉकर होतं, म्हणजे सी-सॉसारखं दोन्हीकडे झुकणारं बटण, पाठीला एकाखाली एक तीन पाती. मधलं फीडचं हे उघडच. पण वरचा भाग दाबल्यावर मधलं पातं कशाशी जुळतं? कोणीही म्हणेल, वरच्याशी. मीटर लावून बघा, खालच्याशी जुळतं. रॉकरचा वरचा भाग आत गेला की त्याच्या पोटातला दांडा खाली झुकतो आणि खालचा संपर्क दाबतो. एवढीशी गोष्ट, पण लेबलवर बाण वर आणि दोर निघाला बाहेर, असं व्हायला ती पुरेशी आहे. त्या दुपारी मी ते बटण हातात धरून कितीतरी वेळ नुसतं दाबत बसलो होतो, मीटरचा बीप ऐकत. वर, बीप. सोड, शांत. खाली, बीप. कामाचा भाग केव्हाच संपला होता; उरला होता तो खेळ.

फीडची वायर थेट बॅटरीवरून घेऊ नये. किल्ली फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या लाइनवरून घ्यावी, म्हणजे उभ्या गाडीत कोणाचा गुडघा लागला तरी काही होत नाही. दहा अँपिअरचा फ्यूज, तोही जिथून वीज घेतली तिथेच, बटणाजवळ नव्हे. फ्यूज बटणाला वाचवायला नसतो, तो वायरीला वाचवायला असतो, आणि वायर सुरू होते बोनेटखाली. दोन्ही कॉइलींवर एकेक डायोडही टाकला, पट्टीची बाजू प्लसकडे. कॉइलची वीज तोडली की ती उलट उसळी मारते आणि बटणाच्या संपर्कावर ठिणगी पाडते; डायोड ती उसळी तिथल्या तिथे जिरवतो. हा रुपयाभराचा जिन्नस नसता तरी बटण चाललं असतं, फक्त लवकर म्हातारं झालं असतं.

मग फायरवॉल, इंजिन आणि केबिन यांच्या मधला पत्रा. हे काम ज्याने केलंय त्यालाच त्याची चव ठाऊक. सीटवर पाठ टेकून डोकं पेडलांच्या मधे घालायचं, पाय दाराबाहेर, तोंडात टॉर्च. रबरी मॅटचा, जुन्या धुळीचा आणि ब्रेक ऑइलचा वास. कंपनीच्या वायरींचा जाडजूड जुडगा जिथून आत येतो तिथे रबरी ग्रोमेट असतं. नवं भोक पाडण्यापेक्षा त्याच्यात बारीक चीर घेऊन ताठ तार पलीकडे सरकवावी, तिच्या टोकाला वायरी टेपने बांधाव्या आणि ओढून घ्याव्या. उघड्या पत्र्याच्या कडेवरून वायर नेली तर ती आज चालेल, उद्या चालेल, आणि गाडीच्या हादऱ्यांनी एक दिवस सोलली जाईल. बाहेरच्या बाजूला वायर ग्रोमेटमध्ये शिरण्याआधी थोडी खाली झोळ देऊन सोडली, म्हणजे पाणी तिच्या अंगावरून आत न येता झोळाच्या तळाशी ठिबकतं. हे कोणी वर्णन करून सांगत नाही. कोणीतरी आपल्यासमोर करतं आणि आपण पाहून ठेवतो.

इथवर सगळं हातातलं काम. अडचण पुढे आली.

मी रिमोटचं सॉकेट काढलं नव्हतं. काढूही नये, बंपरजवळ उभं राहून दोर गुंडाळायचा तर रिमोटच हवा. म्हणजे आता विंचला दोन धनी झाले. आत बसलेल्याने 'आत' दाबलं आणि बाहेर उभ्या असलेल्याने त्याच क्षणी 'बाहेर' दाबलं तर? एकाच रॉकरला दोन्ही बाजूंनी एकदम दाबता येत नाही, त्यामुळे एका बटणात हा प्रश्नच उद्भवत नाही. दोन बटणं समांतर जोडली की उद्भवतो. चार सोलेनॉइडांच्या जुन्या पद्धतीच्या पेटीत चारही एकदम ओढले गेले, तर प्रवाहाला भलतीच वाट मोकळी होते आणि मग काय वितळेल ते बॅटरी ठरवते. उपाय सोपा आहे: फीडच्या वायरीवर एक निवडीचं बटण. फीड एकतर केबिनला जाईल, नाहीतर रिमोटला. दोघांना एकदम कधीच नाही. अर्धा तास लागला असेल जोडायला. पण ते जोडताना माझ्या लक्षात आलं की आता मी वायरिंग करत नाहीये, मी ठरवतोय की दोन माणसांपैकी कोणाचं चालणार. कोणाच्या हातात बटण आहे याची चर्चा आम्ही गाडी रुतल्यावर, आरडाओरड्यात करायचो. ती आता आधी करावी लागते, कारण बटण एका बाजूला झुकल्याशिवाय काहीच हलत नाही.

आणि बटण केबिनकडे झुकवलं की काय जातं, ते वापरल्यावरच समजलं. पहिल्यांदा जातो आवाज. लहानपणी मी हाताने फिरवायची विंच चालवली आहे, होडी ट्रेलरवर चढवायला. हँडल मारायचं, रॅचेट कट कट करत दात पकडायचं, आणि भार किती आहे हे खांद्याला कळायचं. होडीचा तळ कुठे अडकला तर ते डोळ्यांआधी मनगटाला समजायचं. इलेक्ट्रिक विंचने खांद्याची सुटका केली, पण ती बोलायची. मोटर ड्रमच्या एका फेरीसाठी मॉडेलनुसार दीडशे ते अडीचशे वेळा फिरते. भार वाढला की सिरीज मोटर मंदावते, तिचा सूर खाली उतरतो, आणि बंपरपाशी उभ्या माणसाला तो सूर ऐकून थांबायचं भान येतं. काचा लावून, इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये बसलेल्याला तो सूर ऐकूच येत नाही. मी डॅशबोर्डवर व्होल्टमीटर बसवला. आता काटा साडेतेराच्या खाली घसरत अकराकडे निघाला की मी बोट उचलतो. माहिती तीच. पण काटा वाचावा लागतो, सूर आपोआप अंगावर येत होता.

दुसरी जाते नजर. केबिनमधून ड्रम दिसत नाही, बोनेट आड येतं. ओढ तिरकी असली की दोर ड्रमच्या एकाच टोकाला ढीग करत बसतो आणि शेवटी विंचच्या आडव्या दांड्याला घासायला लागतो. हूक फेअरलीडला, म्हणजे दोर जिथून आत शिरतो त्या चौकटीला, भिडला तरी आतल्याला कळत नाही. मोटर तशीच ओढत राहते, आणि मग काहीतरी तुटतं, बहुधा महागातलं. शिवाय विंचचा तो छाती फुगवून सांगितलेला आकडा असतो दोराच्या सर्वांत आतल्या थराचा. वरच्या थरावर ड्रमचा व्यास वाढतो आणि ओढ कमी होते. किती थर गुंडाळलेत हे न पाहता ताकदीचा अंदाज बांधणं म्हणजे नुसती हवा. म्हणजे बटण जवळ आलं, आणि बटणाने जे होतं ते लांब गेलं. पूर्वी या दोन गोष्टी एकाच जागी होत्या. दोरापासून चार पावलं बाजूला, चिखलात, भिजत.

तरी ते बटण काढावंसं वाटत नाही. ताणलेला दोर तुटला तर तो वाटेतल्या माणसाला फोडून काढतो, सिंथेटिक दोर त्यातल्या त्यात कमी, स्टीलचा वाईट. दोराच्या मधोमध जाड पट्टा टाकून ठेवतात तो त्यासाठीच. अशा वेळी काचेमागे, वर उघडलेल्या बोनेटच्या आड बसणं हे बाहेर उभं राहण्यापेक्षा सुरक्षित असतं. म्हणजे एकीकडून धोका कमी होतो आणि दुसरीकडून वाढतो, आणि वजाबाकी करून शेवटी काय उरतं ते त्या दिवशीच्या उतारावर, दोरावर आणि सोबतच्या माणसावर अवलंबून. मला या गोष्टीचं एकच उत्तर हवं होतं. ते मिळालं नाही.

आता तो प्रश्न. बोट उचललं की रॉकर मधे येतो, कॉइलची वीज तुटते, सोलेनॉइडचा तांब्याचा तुकडा स्प्रिंगने मागे येतो, मोटर थांबते. मुद्दा आहे तो त्या तांब्याच्या तुकड्याचा. घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्याला येते, त्यामुळे तोडताना पडलेली ठिणगी विझायला संधी मिळते. बॅटरीची वीज शून्याला येतच नाही. तिची ठिणगी ताणली तरी धग धरून राहते. त्यात भार जास्त, बॅटरी थकलेली, अर्थ सैल, म्हणजे व्होल्टेज कोसळतं. व्होल्टेज कोसळलं की कॉइलची पकड सुटते, पकड सुटली की भार जातो, भार गेला की व्होल्टेज वर येतं आणि कॉइल पुन्हा पकडते. सेकंदात कितीतरी वेळा. तो तडतड आवाज एकदा ऐकला की माणूस विसरत नाही. त्या तडतडीत संपर्क वितळतात, आणि कधीतरी एकमेकांना चिकटून राहतात. मग बोट उचला, रॉकर मधे आणा, फीडचा फ्यूज उपटा, किल्ली काढून खिशात टाका. विंच ओढतच राहते. माझ्या तीनही बारक्या वायरींना आता कोणी विचारत नाही.

म्हणजे भाचीचं बरोबर होतं.

याला उपाय एकच, तो जाड केबलवरचा. बहुतेक विंचच्या मुख्य केबलला फ्यूज नसतो, कारण एवढ्या प्रवाहाला नको तेव्हा उडणारा फ्यूज कोणालाच नको असतो. म्हणून बॅटरी आणि सोलेनॉइडच्या पेटीच्या मधे एक दणकट आयसोलेटर हवा, हाताने तोडायचा, कॉइलबिइलवर न विसंबणारा. पण तो बोनेटखाली बसवला तर केबिनमधल्याला त्याचा काय उपयोग? आणि केबिनमध्ये बसवला तर ती बिनफ्यूजची जाड केबल पायाशी आली, शिवाय ते 0.8 व्होल्टचं जुनं गाऱ्हाणं. शर्यतीच्या गाड्यांत यावर उत्तर असतं: आयसोलेटर पुढे, आणि त्याची दांडी ओढायला बोनेटच्या लॅचसारखी एक पोलादी केबल आत. वीज आत येत नाही, फक्त ओढ आत येते. मी तीच पद्धत वापरली. सगळ्या जोडणीतला हा सर्वांत अडाणी भाग, आणि माझा सर्वांत जास्त विश्वास त्याच्यावर.

रॉकर ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ आहे, जाळीदार झाकणाखाली, दुसऱ्या कोणाचा हात सहज पोचणार नाही असा. केबलची लाल मूठ मात्र मधोमध लावली, शेजारच्याच्याही हाताला येईल अशी. गाडीत नवीन कोणी बसलं की बेल्ट लावायच्या आधी ती दाखवतो, आणि सांगतो की विंच चालू असताना काही चुकतंय असं वाटलं तर मला न विचारता ओढायची. याचा एक त्रास आहे. निम्मे लोक तिथल्या तिथे ओढून बघतात. आयसोलेटर आतून परत लागत नाही, त्यामुळे मला खाली उतरून, बोनेट उघडून ती दांडी हाताने बसवावी लागते, तोवर सगळे आत बसून हसत असतात. मूठ जरा आडोशाला सरकवावी असं दरवेळी मनात येतं. अजून सरकवलेली नाही.